जी.सी. फेअर

शारीरिक तपासणीचा पुस्तकी क्रम मला तोंडपाठ होता. आधी बघायचं, मग हात लावायचा, ठोकायचं, शेवटी ऐकायचं. पोटाला मात्र हात लावण्याआधी स्टेथोस्कोप. तलासरी-डहाणूच्या पट्ट्यात स्टाफ नर्स म्हणून काम करताना माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्या ठोकण्या-ऐकण्यात नव्हत्या. मी बघतच नव्हते.

पावसाळ्यातली पहाट होती. पोटात दुखतंय, उलटी झाली, म्हणून पाड्यावरून एका तरुण बाईला आणलं. ताप नाही, बीपी ठीक, पोट मऊ. केसपेपरवर ‘पोटदुखी’ लिहिलं आणि खाली ‘जी.सी. फेअर’, म्हणजे सर्वसाधारण प्रकृती ठीक. हे दोन शब्द सहीसारखे आपोआप पडतात, त्यासाठी पेशंटकडे मान वर करावी लागत नाही. तिचे डोळे अर्धे मिटलेले होते. रात्रभर जागरण झालंय, झोप येत असणार, हे मीच ठरवलं. सासू सांगत होती, हिला डोळे उघडता येत नाहीत. मी सासूला बाहेर बाकावर बसवलं.

पुढे तिला थुंकी गिळता येईना, आवाज नाकात जाऊ लागला. डॉक्टरांनी आल्या आल्या विचारलं, रात्री झोपली कुठे होती? जमिनीवर. हा प्रश्न माझा होता, मी विचारलाच नव्हता.

तिला मण्यार चावली होती. हा साप रात्री चावतो, बहुधा झोपेत. दाताची खूण शोधूनही सापडत नाही, सूज येत नाही, आणि कित्येकदा पहिली तक्रार पोटदुखीचीच असते. मग पापण्या जड होतात, गिळणं जातं, शेवटी श्वासाचे स्नायू. घोणस किंवा फुरसं असेल तर वीस मिनिटांत रक्त गोठतं का, हे काचेच्या नळीत बघून कळतं. मण्यारीच्या विषात ते रक्त छान गोठतं आणि आपण निर्धास्त होतो. इथे सर्पदंश नवलाचा नाही, आयसीएमआरने डहाणू तालुक्यात त्यावर स्वतंत्र काम केलंय. तरी ‘साप’ हा शब्द नातेवाइकांनी उच्चारेपर्यंत माझ्या डोक्यात आला नाही. सर्पविषावरची लस सुरू झाली, पण नसांच्या टोकाशी झालेली इजा लस परत फिरवत नाही. तिला व्हेंटिलेटर लागला. ती वाचली, त्यात माझं श्रेय शून्य.

दुसरी चूक गुपचूप झाली, म्हणून तिच्याबद्दल कुणी विचारलंही नाही. कुपोषित मुलाचं वजन वाढलेलं दिसलं आणि मी आईचं कौतुक केलं. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून धरला असता तर खड्डा राहिला असता. ते वजन पाण्याचं होतं. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या वर असला, तरी दोन्ही पायांवर अशी सूज असलेलं मूल तीव्र कुपोषितच धरायचं असतं, हे मी परीक्षेत बरोबर लिहिलं होतं!

श्वास मोजण्याबद्दल तर बोलायलाच नको. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं, तेही रडणाऱ्या बाळाचं. दोन महिन्यांपुढच्या, वर्षाखालच्या बाळात मिनिटाला पन्नासची रेषा न्यूमोनियाचा संशय ठरवते, तिथे एका श्वासाची चूक चार श्वासांची होते. गर्दी होती, हे खरं. पण गर्दी नसतानाही मी तसंच मोजत होते.

नव्या मुली विचारतात, एवढं सगळं कधी बघायचं? माझं मागणं थोडं आहे. पावसाळ्यात पहाटे कुणी पोटदुखी घेऊन आलं, तर कुठे झोपला होता ते विचारा. वर बघायला सांगा आणि पापण्या टिकतात का पाहा. काय दिसलं ते वेळ घालून लिहा, तासाभराने पुन्हा बघून पुन्हा लिहा. आणि सोबत आलेल्या माणसाला बाहेर बसवू नका.