टर्म, केटी आणि क्रेडिट

विद्यापीठ आणि महाविद्यालय यांतला फरक कळला, की नव्या विद्यार्थ्याच्या कानावर पडणाऱ्या निम्म्या शब्दांचा गुंता सुटतो. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तीन विद्यापीठे १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाली. शिकवणे हे तेव्हा त्यांचे कामच नव्हते. अभ्यासक्रम नेमायचा, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची, एवढेच त्यांच्याकडे होते. शिकवायचे ते महाविद्यालयांनी. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर शिकले एल्फिन्स्टन कॉलेजात, पण १८६२ साली त्यांना बी. ए. केले ते मुंबई विद्यापीठाने. पुढे विद्यापीठांनी स्वतःचे अध्यापन विभाग काढले, तरी ही जुनी वाटणी अजून टिकून आहे.

अशा रीतीने विद्यापीठाला जोडलेले महाविद्यालय म्हणजे ‘संलग्न’ महाविद्यालय. ‘स्वायत्त’ महाविद्यालय आपला अभ्यासक्रम आखते, परीक्षा घेते, निकालही लावते. पदवी मात्र विद्यापीठाचीच असते. ‘अभिमत विद्यापीठ’ ही तिसरी जात. केंद्र सरकारने विद्यापीठाचा दर्जा दिलेली ही संस्था स्वतः पदवी देते. नावावर विसंबून चालत नाही. पुण्याचे डेक्कन कॉलेज नावाने कॉलेज असले, तरी १९९० पासून ते अभिमत विद्यापीठ आहे.

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांचा कारभार २०१६ च्या कायद्याने चालतो. राज्यपाल हे पदसिद्ध कुलपती. प्रत्यक्ष प्रमुख कुलगुरू, त्यांच्या खालोखाल प्र-कुलगुरू. दप्तर कुलसचिवांकडे आणि प्रत्येक विद्याशाखेला एक अधिष्ठाता. विद्यार्थ्याच्या रोजच्या जीवनाशी सर्वांत जवळचा संबंध येतो तो मात्र ‘अभ्यास मंडळा’चा, कारण एखाद्या विषयात काय शिकायचे याचा मसुदा तिथे तयार होतो. या मंडळाचे नावही बहुतेक विद्यार्थ्यांना पदवी हाती पडेपर्यंत ठाऊक नसते, ही खेदाची गोष्ट आहे.

प्रवेश मिळाला म्हणजे सारे झाले, असा समज असतो. महाविद्यालय प्रवेश देते. विद्यापीठ ‘पात्रता’ तपासते. दुसऱ्या मंडळातून वा विद्यापीठातून आलेल्याला त्यासाठी स्थलांतर प्रमाणपत्र, म्हणजे बोलीतले ‘मायग्रेशन’, द्यावे लागते. विद्यापीठाकडे नोंद झाली की पीआरएन, म्हणजे कायम नोंदणी क्रमांक मिळतो. हजेरीचा रोल नंबर दरवर्षी बदलतो, परीक्षेचा आसन क्रमांकही बदलतो. पीआरएन बदलत नाही.

‘टर्म’ हा शब्द जुना आहे. विलायतेतल्या विद्यापीठांत ठरावीक काळ हजर राहून ‘टर्म भरावी’ लागे. तीच भाषा इथे आली. टर्म भरण्यासाठी साधारणपणे ७५ टक्के उपस्थितीची अट असते. एटीकेटी हे त्याच भाषेचे अपत्य आहे: ‘अलाउड टू कीप टर्म्स’, म्हणजे काही विषय राहिले असले तरी पुढची टर्म भरण्याची परवानगी. ‘केटी लागली’ हे वाक्य आज नापासाच्या सुरात उच्चारले जाते. मुळात ती शिक्षा नसून सवलत आहे. विद्यापीठाने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त विषय राहिले तर ही सवलत मिळत नाही आणि वर्ष वाया जाते. पुण्याकडची मुले त्याला ‘वायडी’ म्हणतात.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो क्रेडिटचा. क्रेडिट, मराठीत श्रेयांक, हे अभ्यासाच्या वजनाचे माप आहे, गुणांचे नव्हे. व्याख्यानांचे १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास म्हणजे एक श्रेयांक. चार श्रेयांकांचा विषय म्हणजे सत्रभरात ६० व्याख्याने, पंधरा आठवडे धरले तर आठवड्याला चार. विषयात उत्तीर्ण होणाऱ्याला हे चारही श्रेयांक मिळतात, मग श्रेणी कोणतीही असो. किती चांगले शिकला, हे श्रेणीगुण सांगतात. ते दहापैकी असतात.

दोन्हींची सांगड एसजीपीएत, म्हणजे सत्राच्या सरासरीत पडते. समजा, चार श्रेयांकांच्या दोन विषयांत ८ आणि ६ श्रेणीगुण मिळाले, दोन श्रेयांकांच्या तिसऱ्यात १०. साधी सरासरी ८ येईल. पण ३२, २४ आणि २० यांची बेरीज ७६ आणि एकूण श्रेयांक १०. म्हणून एसजीपीए ७.६. मोठ्या वजनाच्या विषयाकडे दुर्लक्ष करून छोट्यात बाजी मारल्याने फारसे हाती लागत नाही, ते यामुळे. सर्व सत्रांची मिळून अशीच काढलेली सरासरी म्हणजे सीजीपीए.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर श्रेयांकांना आणखी मोल आले. मुख्य विषय ‘मेजर’, जोडविषय ‘मायनर’, दुसऱ्या विद्याशाखेतून घ्यायचा तो ‘ओपन इलेक्टिव्ह’. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक, चार वर्षांच्या ऑनर्सला किमान १६०. मिळवलेले श्रेयांक २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा होतात. शिक्षण मध्येच थांबवावे लागलेल्याला ते पुढे वापरता येतात, मात्र जास्तीत जास्त सात वर्षांपर्यंत. घरच्या अडचणीने कॉलेज सुटलेल्या मुलींसाठी ही तरतूद फार मोलाची आहे.

निकालानंतरच्या दोन शब्दांतला भेद अर्ज भरण्यापूर्वीच कळलेला बरा. गुणपडताळणीत फक्त बेरीज आणि एखादे उत्तर तपासायचे राहिले आहे का, एवढेच पाहतात. पुनर्मूल्यांकनात दुसरा परीक्षक उत्तरपत्रिका नव्याने तपासतो. आधी उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवावी, ती विषयाच्या शिक्षकांना दाखवावी आणि मगच शुल्क भरावे.

एक शब्द पदवीनंतर भेटतो: ‘नोंदणीकृत पदवीधर’. विद्यापीठाच्या अधिसभेवर पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडून जातात. मतदार यादीत नाव आपोआप येत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज भरावा लागतो.