बिनट्यूबचे चाक आणि सतरा काटे

नारायणगावहून जुन्नरकडे वळले की रस्त्यालगत आमचे पंक्चरचे दुकान आहे. दुकान कसले, वर चार पत्रे, खाली पाण्याचे घमेले, एक कॉम्प्रेसर आणि खिळ्याला टांगलेल्या जुन्या ट्यूबा. वडिलांनी हे काम सुरू केले तेव्हा सायकली जास्त आणि मोटारसायकली कमी होत्या. आता उलट झाले आहे. बाह्यवळण रस्ता झाल्यापासून नाशिककडचे ट्रकही गावात पूर्वीसारखे येत नाहीत. तरी ह्याच घमेल्यावर आमची दोन मुले शिकली, हे सांगताना आम्हाला कमीपणा वाटत नाही.

अलीकडे रविवारी पुण्याची तरुण मुले जाड टायरच्या डोंगरी सायकली घेऊन येतात. कोणी शिवनेरीला जातो, कोणी आपटाळे, चावंडवरून नाणेघाटापर्यंत. चार वर्षांपूर्वी त्यातला एक जण सायकल ढकलत दुकानात आला. मागच्या टायरला बारीक भोक. "काका, ट्यूबलेस आहे, जमेल ना?" आम्ही म्हटले, जमेल की! मोटारसायकलचे ट्यूबलेस रोजच काढतो. तीच जाड सुई घेतली, भोकात घालून फिरवली आणि रबराची पट्टी खुपसली. सायकलचा टायर तो, मोटारसायकलच्या मानाने पातळ. भोक रुंद झाले, पट्टी बसेना, आतून पांढरे पाणी हातावर उडाले. शेवटी टायर बाद झाला. तो मुलगा भांडला नाही. सायकल टेम्पोत टाकताना एवढेच बोलला, "काका, जमत नव्हतं तर आधी सांगायचं होतं." त्या टायरची किंमत आमच्या आठवड्याच्या कमाईहून जास्त होती. त्या रात्री आम्हाला जेवण गेले नाही.

थोरली मुलगी तेव्हा आयटीआयला होती. तिने मोबाईलवर बघून सांगितले, "पप्पा, ते पाणी नाही, औषध आहे. त्यात रबराचा चीक असतो." मग आमच्या डोक्यात उजेड पडला. उंबराला चीर पडली की चीक येतो आणि वाळून चीर बुजवतो. टायरमध्येही तेच होते. काटा लागला की हवेबरोबर हे औषध भोकाकडे धावते, तिथे गोठते आणि भोक बंद करते. चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

हवेचा टायर मुळात सायकलीसाठीच चालला. बेलफास्टला जॉन डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तो बनवला. डोंगरी सायकलीची ट्यूब काढून टाकणारे चाक मॅव्हिक ह्या फ्रेंच कंपनीने १९९९ साली आणले. आमच्या घमेल्यापर्यंत ते पोहोचायला वीस वर्षे लागली, हा दोष कुणाचा म्हणावा!

मुलीबरोबर आम्हीही शिकलो. भोक बारीक असेल तर सुई लावायचीच नाही. हवा भरायची, भोक खाली येईल असे चाक फिरवून ठेवायचे आणि थांबायचे. बुडबुडे थांबले की काम झाले. भोक मोठे असेल तर सायकलची बारीक सुई आणि बारीक पट्टी. टायरच्या बगलेला चीर असेल तर टायर उतरवून आतून पॅच. हवाही बेताची, वीस ते तीस पौंड. टायरची कड रिमच्या खाचेत बसवायला मात्र एकदम जोराची हवा लागते. तिथे हातपंप बहुधा हरतो आणि आमचा जुना कॉम्प्रेसर जिंकतो. फक्त त्या बारीक व्हॉल्ववर पितळी टोपी चढवावी लागते.

मागच्या मार्गशीर्षात आंबेगावातून धाकटी बहीण आली, बरोबर अकरावीतला भाचा. त्यांचे गाव डिंभे धरणाच्या बाजूला. कॉलेज घोडेगावला, एसटीची वेळ जुळत नाही. तिचे दीर पुण्यात एका सोसायटीत वॉचमन आहेत. तिथल्या एका साहेबांच्या मुलाची डोंगरी सायकल त्यांनी भाच्यासाठी जुनी म्हणून घेतली होती. मागच्या चाकात हवा राहीना. एका दुकानात नवा टायर सांगितला. बहीण म्हणाली, "दादा, दोन हजार म्हणतात. कांदालागणीची मजुरी अजून हातात नाही. आणि सोमवारपासून ह्याची परीक्षा."

टायर उघडला. आतले औषध केव्हाच सुकून त्याच्या साली झाल्या होत्या. हे औषध काही महिन्यांतच सुकते, उन्हाळ्यात आणखी लवकर, हे जुनी सायकल विकणारा कशाला सांगेल? नवे औषध दुकानात नव्हते. आम्ही म्हटले, साधी ट्यूब घालू. ट्यूबलेसचा व्हॉल्व काढला, ट्यूब घातली, हवा भरली. भाचा एक चक्कर मारून आला तर चाक बसलेले. दुसरी ट्यूब घातली, तीही गेली. तो रडवेला झाला. "मामा, राहू द्या. चालत जाईन."

तेव्हा चूक लक्षात आली. ट्यूबलेसमध्ये काटा आत राहिला तरी औषध त्याच्या भोवती गोठून हवा धरून ठेवते. म्हणजे पहिल्या मालकाने रानोमाळ हिंडून गोळा केलेले सगळे काटे टायरमध्ये तसेच होते आणि ट्यूब त्यांच्या टोकांवर घासत होती! आम्ही बोटाने चाचपू लागलो, तर पहिल्याच काट्याने रक्त काढले. पत्नी घरातून जुन्या नायलॉन साडीचा तुकडा घेऊन आली. म्हणाली, "अहो, बोटं कशाला घालता? हा फिरवा, अडकेल तिथे काटा." तुकडा आतून फिरवला आणि खरेच जागोजाग अडकला. भाचा चिमट्याने उपटत होता, बहीण मोजत होती. बहुतेक सराटे, पाच-सहा बाभळीच्या कुंपणाचे काटे आणि एक तारेचा तुकडा. एकूण सतरा. तीस वर्षे पंक्चर काढतो आहोत, पण एका टायरमधून इतके काटे कधी काढले नव्हते.

फुटलेल्या दोन्ही ट्यूबा भाच्यालाच दिल्या. त्याने त्या घमेल्यात बुडवून भोके शोधली, कानशीने घासली, सोल्युशन लावून सुकू दिले आणि पॅच ठोकले. एक चाकात घातली, दुसरी दप्तरात. बहिणीने पैसे काढले, ते पत्नीने तिच्याच पिशवीत परत घातले.

सोमवारी तो सायकलवर कॉलेजला गेला. पुढच्या चाकात अजून औषध ओले आहे, हलवले की आवाज येतो. वळवाच्या आधी ते उघडून बघायचे ठरले आहे.