खुर्ची

परवा आमच्या जवळच्या मोठ्या स्वस्त दुकानात बिलाच्या रांगेत उभी होते. काउंटरवरची मुलगी सारखी या पायावरचा भार त्या पायावर टाकत होती. विचारलं, "खुर्ची नाही का गं?" तर म्हणते, "गिऱ्हाईकासमोर बसलेलं बरं दिसत नाही, आजी."

एकदम २००८ सालची मे महिन्याची सुट्टी आठवली. मुलाकडे ओहायोला गेले होते. तिथे वॉलमार्टच्या दारात, आज माझं आहे त्या वयाचे एक गृहस्थ, येणाऱ्या प्रत्येकाचं हसून स्वागत करत उभे! मी चुकचुकले, "बिचारे, या वयात!" मुलगा म्हणाला, "आई, इथे लोकांना ही आपुलकी वाटते." आत काउंटरवरचे सगळेही उभेच.

मग एकदा आल्डीत गेलो. हे दुकान मूळचं जर्मनीचं. तिथली बाई मात्र खुर्चीत बसून झरझर बिलं करत होती. हसणं-बोलणं बेताचंच, आणि सामान आपलं आपण पिशवीत भरायचं.

जर्मनीतल्या भाच्याला फोनवर हे सांगितलं तर तो हसायला लागला. "मावशी, आमच्याकडे बसूनच काम करतात. त्यात कसला आलाय अपमान? उलट दारात अनोळखी माणूस हसला की लोक बिचकतात." वॉलमार्टने १९९७ साली जर्मनीत पाऊल टाकलं आणि २००६ साली तिथली ८५ दुकानं मेट्रो कंपनीला विकून गाशा गुंडाळला. केवळ हसण्यापायी नव्हे हो! स्वस्ताईत आल्डीसारखी दुकानं तिथे आधीच पाय रोवून होती. पण गिऱ्हाईकाचा मान कशात, याचा अंदाजही चुकलाच.

आपल्याकडे मान म्हणजे उभं राहणं. केरळात कपड्यांच्या दुकानांतल्या बायकांना बसायला मिळावं म्हणून लढावं लागलं, तेव्हा कुठे २०१८ साली कायदा बदलला. तमिळनाडूने २०२१ साली तसाच कायदा केला. साध्या बसण्यासाठी कायदा!

पण दुकानदारांना नावं कोणत्या तोंडाने ठेवू? मी स्वतः तीस वर्षं उभ्याने शिकवलं आणि त्याचा मला कोण अभिमान! बसून शिकवणं म्हणजे पाट्या टाकणं, असं नव्या शिक्षिकांना ऐकवायची. त्यातली एक सातव्या महिन्यातही उभी राहून शिकवत होती. माझ्या धाकाने. तिला 'बस गं' म्हणायचं मला सुचलं नाही. आता माझे गुडघे बोलायला लागले की ती आठवते.

असो. पुढच्या वेळी दुकानाच्या मॅनेजरना भेटून खुर्चीचं बोलणार आहे. ऐकतील न ऐकतील. पण निदान एका गिऱ्हाईकाला तरी बसलेली मुलगी चालते, एवढं त्यांना कळू दे.