मोकळा बाक



‘विद्यापीठ’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? माझ्या डोळ्यांसमोर, पुतणीच्या प्रवेशासाठी गेलो असताना पाहिलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ उभे राहते. नामांतराच्या लढ्याची आठवण जागी ठेवणारे ते प्रवेशद्वार आणि आत एका झाडाखाली तावातावाने वाद घालणारी चार मुले. वादाचा विषय मला कळला नाही. पण बारावीनंतर शिक्षण सुटलेल्या मला त्या चौघांचा हेवा वाटला.

मी राहतो येलदरीला. पूर्णा नदीवरील आमचे धरण १९६८ साली पूर्ण झाले. त्याचे पाणी वीजगृहातून नदीत उतरते, खाली सिद्धेश्वर धरणात अडते आणि तेथून कालव्यांनी शिवारात पोहोचते. आपले मुक्त विद्यापीठही असेच आहे. १९८९ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ नाशिकला, गंगापूर धरणाजवळ आहे. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. पुस्तिका आणि अभ्यासकेंद्र हे त्याचे कालवे.

चाळिशीत मी प्रवेश घेतला आणि रविवारी एस.टी.ने जिंतूरच्या अभ्यासकेंद्रावर जाऊ लागलो. माझ्या शेजारच्या बाकावर एक ताई बसत. बहिणाबाई चौधरींचा पाठ झाला त्या दिवशी, अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाईंना कविता आपोआप सुचली, असे मी म्हणालो. ताई लगेच म्हणाल्या, “आपोआप कसं, भाऊ? दळताना हात गुंतलेले असतात, डोकं नाही. बाई त्या वेळी विचारच करत असते.” गाडी येईपर्यंत बसस्थानकावर आमचा वाद चालला. घरी परतताना लक्षात आले, त्या मुलांचे झाड मलाही मिळाले होते.

पुढे एका रविवारी ताई आल्या नाहीत. कापसाची वेचणी असेल, असे मला वाटले. दुसऱ्या रविवारीही बाक मोकळाच होता. तिसऱ्या रविवारी मी त्यावर माझी पिशवी ठेवली. परीक्षेलाही त्या दिसल्या नाहीत.

काही महिन्यांनी जिंतूरच्या बाजारात भेट झाली. त्या म्हणाल्या, “मुलगा आजारी होता. तीन वर्ग बुडाले. मग वाटलं, आता कोणत्या तोंडाने जायचं? कोणी विचारलं असतं तर आले असते, भाऊ.” त्यांचा फोन क्रमांक माझ्या वहीत पहिल्या दिवसापासून लिहिलेला होता.

मित्रहो, आपल्याला वसतिगृह नाही, मोठे ग्रंथालय नाही, याची खंत मलाही होती. आता ती तितकी वाटत नाही. पुस्तिका घरी येते, ग्रंथ मागवता येतात. परंतु झाडाखालच्या चौघांपैकी एक आला नाही, तर उरलेले तिघे त्याच्या खोलीवर जाऊन दार वाजवतात. आपल्याकडे एखादा गळाला, तर ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. दूरस्थ शिक्षणातील खरे अंतर ते हेच. आणि ते कोणतीही पुस्तिका भरून काढू शकत नाही, आपणच भरून काढू शकतो.

म्हणून एक विनंती. या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर आपल्या दोन सहाध्यायांचे क्रमांक लिहून ठेवा, आणि बाक मोकळा दिसला की त्याच दिवशी फोन करा.

ताईंनी अजून पुन्हा नाव नोंदवलेले नाही. दरवर्षी प्रवेश सुरू झाले की मी त्यांना फोन करतो.