नायट्रोजन आहे का?

अंबड रस्त्यावरच्या आमच्या पंक्चरच्या दुकानात गेल्या दोन-तीन वर्षांत हा प्रश्न फार वाढला आहे. मोटारसायकल उभी करून माणूस आधी विचारतो, "नायट्रोजन आहे का?" नाही म्हटले की कुणी साधी हवा भरून घेतो, कुणी तसाच पुढे हायवेच्या पंपाकडे निघतो. तिथे एका चाकाचे दहा-वीस रुपये देतो आणि चार गोष्टी ऐकून येतो: टायर फुटत नाही, पंक्चर होत नाही, ॲव्हरेज वाढते आणि सहा महिने हवा बघायचे काम नाही.

या प्रश्नाने आमच्या घरात वाद लावला. धाकट्या भावाचे म्हणणे, आपणही नायट्रोजनचे यंत्र घेऊ. गिऱ्हाईक डोळ्यांदेखत जाते आहे. अब्बांचे म्हणणे, आधी मला सांगा, त्यात आहे काय? व्याजाचे कर्ज काढून घ्यायची वस्तू असेल तर तो विषयच नको, पण रोखीने जमले तरी गिऱ्हाइकाला काय सांगून विकणार? जेवणाच्या दस्तरखानावर बरेच दिवस हाच विषय होता. अम्मी शेवटी म्हणाली, "हवेवरून भांडणारे घर जालन्यात दुसरे नसेल."

'पंक्चरवाले' हा शब्द आपल्या समाजाला टोमणा म्हणून कसा फेकला जातो, ते वाचकांना सांगायला नको. आम्हाला या धंद्याची लाज कधी वाटली नाही. रात्री दहा वाजता बायको-मुलांसह रस्त्यात अडकलेला माणूस याच दुकानाचा दिवा शोधतो. म्हणून अब्बांचा प्रश्न आम्ही मनावर घेतला आणि जे कळले ते इथे मांडतो आहोत.

आपण श्वासात घेतो त्या हवेतच सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. ऑक्सिजन २१ टक्के. पंपावरचे यंत्र नायट्रोजन कुठून बाहेरून आणत नाही. तिथलीच हवा दाबून गाळते, ऑक्सिजन आणि ओलावा बराचसा काढून टाकते आणि उरलेले चाकात सोडते. म्हणजे आम्ही पाच रुपयांत भरतो त्या हवेतही तीन हिस्से नायट्रोजनच आहे.

मग गाळण्याचा फायदा काहीच नाही का? आहे. ऑक्सिजन रबरातून नायट्रोजनपेक्षा लवकर झिरपतो, त्यामुळे नायट्रोजनचे चाक थोडे सावकाश उतरते. किती सावकाश? अमेरिकेच्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहकांच्या मासिकाने २००६-०७ मध्ये मोटारींच्या टायरांच्या ३१ जोड्या वर्षभर उघड्यावर ठेवून मोजल्या. सुरुवातीला सगळ्यांत ३० पौंड. वर्षाने साध्या हवेच्या टायरांत सरासरी ३.५ पौंड घटले होते, नायट्रोजनच्या टायरांत २.२. वर्षाला सव्वा पौंडाचा फरक! आम्हीही घरच्या दोन गाड्यांवर दोन महिने दर जुम्याला सकाळी मोजून पाहिले. एकीत पंपावरचा नायट्रोजन, दुसरीत आमची हवा. एका पौंडाचाही धड फरक दिसला नाही. गेजचा काटा तेवढा तर असाच हलतो.

विमानाची गोष्ट वेगळी. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिकोत एक बोइंग ७२७ विमान उड्डाणानंतर काही मिनिटांत डोंगरावर कोसळले आणि आतले सर्व १६७ जण दगावले. ब्रेक तापलेला होता, आणि त्या चाकात नायट्रोजनऐवजी साधी हवा भरली होती. भयंकर उष्णतेत ऑक्सिजनमुळे टायरचा स्फोट झाला. मोठ्या विमानाच्या टायरात २०० पौंडांच्या आसपास दाब असतो, ब्रेक लालबुंद होतात, उंचावर पाण्याचा अंश गोठतो. तिथे नायट्रोजन हवाच. पण जाफराबादहून बाजाराला येणाऱ्या १०० सीसीच्या गाडीला हा कायदा लावणे म्हणजे सायकलला विमानाचा पायलट बसवणे.

उन्हाने हवा फुगते, नायट्रोजन फुगत नाही, असेही लोक सांगतात. हे खरे नाही. तापमान दहा अंशांनी वाढले की ३० पौंडांच्या चाकात सुमारे दीड पौंड चढतो, आत कोरडी हवा असो की नायट्रोजन. चाकात पाणी गेले असेल तर मात्र वाफेने हिशेब बिघडतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, आमच्या दुकानाचा निकाल त्यावरच लागला.

आणखी एक. ३० पौंड दाखवणाऱ्या चाकात वातावरणाचे १५ धरून खरे ४५ असतात. ट्यूबलेस टायरची पिन काढून हवा सोडली तरी आत जुनी हवा राहतेच. वरून नायट्रोजन भरला तर तिसरा हिस्सा जुन्या हवेचाच. अर्ध्या उतरलेल्या चाकात नुसती भर घातली तर विचारूच नका.

समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेला आणि टायर फुटल्याच्या बातम्यांनी नायट्रोजनचे नाव घरोघर पोहोचले. त्या रस्त्यावर मोटारसायकलला मुळात प्रवेशच नाही, हा भाग निराळा. १ जुलै २०२३ च्या रात्री शेजारच्या सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ खासगी बस जळाली, २५ जण गेले. चालकाने आधी टायर फुटल्याचे सांगितले. अमरावतीच्या आरटीओच्या अहवालात मात्र टायर फुटल्याच्या खुणा नसल्याचे आले. अपघात झाला की पहिले बोट टायरकडे जाते, आणि भीती बसली की वीस रुपये कुणाला जड वाटत नाहीत.

आम्हाला खटकते ते 'सहा महिने बघू नका' हे वाक्य. वीस रुपयांचे काही नाही, माणूस तेवढ्याचा चहा पितो. बदनापूरहून कारखान्यात पाळीला येणारा एक तरुण मार्चमध्ये बायको आणि तान्ह्या बाळासह दुकानाशी थांबला, गाडी मागून डुलते म्हणाला. मागच्या चाकात १४ पौंड होते. नायट्रोजन भरलेला, म्हणून त्याने दोन महिने हात लावला नव्हता. आत बारीक खिळा निघाला. खिळ्याच्या भोकातून हवाही जाते आणि नायट्रोजनही. कमी हवेत टायरची बगल सतत दुमडते, तापते, चिरते. ट्यूब असेल तर ब्रेक मारताना ती आत सरकते आणि व्हॉल्व्ह मुळातून तुटतो. मागे बाळ घेऊन बाई बसलेली असते, तिला हँडलही धरता येत नाही.

म्हणून घरातल्या भगिनींनाही सांगतो, ही कामे पुरुषांवर सोडू नका. चेनकव्हरवर किंवा गाडीच्या पुस्तकात दाब लिहिलेला असतो. बहुतेक लहान गाड्यांत पुढे २५ च्या आसपास, मागे एकट्यासाठी २८-२९ आणि डबलसीटला त्याहून बराच जास्त. पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी, गाडी फिरवण्याआधी मोजा. पेट्रोल पंपावर साधी हवा फुकट मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे. हे लिहून आम्ही आमचेच पाच रुपये घालवतो आहोत, ते असो.

यंत्र आम्ही घेतले नाही. गाठीच्या पैशात कॉम्प्रेसरला पाणी आणि तेल अडवणारा फिल्टर बसवला आणि एक चांगला डिजिटल गेज आणला. रोज मगरिबनंतर टाकीचा खालचा नळ उघडून साचलेले पाणी सोडायचे काम धाकट्याकडे आहे. पावसाळ्यात पेलाभर तांबूस पाणी निघते. एरवी ते गिऱ्हाइकांच्या चाकांत गेले असते. नायट्रोजनच हवा असेल त्याला आम्ही पंपाचा रस्ता दाखवतो, फक्त निघण्याआधी दोन्ही चाकांचा आकडा वाचून दाखवतो. धाकट्याचे समाधान झालेले नाही. ईदनंतर पुन्हा बोलू म्हणतो.