हरलं तरी पुढचा डाव आहेच



चातुर्मासात आमच्या मंडळाने मुलांसाठी बुद्धिबळ स्पर्धा ठरवली. ३२ नावं आली आणि पहिल्याच बैठकीत वाद! एक काका म्हणाले, "ताई, बाद पद्धत ठेवा. हरला की घरी. सरळ हिशोब!"

मला माझी धाकटी आठवली. मागच्या वर्षी एका स्पर्धेत ती पहिल्या दहा मिनिटांत बाद झाली आणि घरी येऊन तिने पट माळ्यावर टाकून दिला. बाद पद्धतीत ३२ पैकी १६ मुलं एकच डाव खेळून घरी जाणार. साखळी पद्धतीत प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं तर ४९६ डाव! आपल्याकडे एकच दुपार, त्यात सूर्यास्ताआधी मुलांची जेवणं व्हायला हवीत. म्हणून मी स्विस लीग सुचवली. १८९५ साली स्वित्झर्लंडमधल्या झुरिकला ती पहिल्यांदा वापरली गेली, म्हणून हे नाव.

पद्धत सोपी आहे. कोणीच बाद होत नाही. जिंकलं तर १ गुण, बरोबरीला अर्धा. पहिल्या फेरीत मानांकनाप्रमाणे यादी करून तिचे दोन भाग करायचे. पहिला खेळतो सतराव्याशी, दुसरा अठराव्याशी. पुढच्या प्रत्येक फेरीत सारख्या गुणांची मुलं एका गटात घेऊन तसंच करायचं. म्हणजे जिंकणाऱ्यासमोर जिंकणारा, हरणाऱ्यासमोर हरणारा. एकदा खेळलेली जोडी पुन्हा लावायची नाही. पांढरी-काळी मोहरी शक्यतो आलटून-पालटून द्यायची. मुलं विषम संख्येत असतील तर खालच्या गटातल्या एकाला पुढे चाल आणि १ गुण, पण एकाच मुलाला दोनदा नाही.

आम्ही प्रत्येक मुलाचं एक कार्ड केलं. त्यावर गुण, प्रतिस्पर्धी आणि मोहऱ्यांचा रंग लिहायचा. जोड्या लावताना कार्डं गुणांप्रमाणे टेबलावर मांडायची, बस्स! ३२ मुलांना ५ फेऱ्या पुरतात, कारण सगळे डाव जिंकणारा शेवटी एकच उरू शकतो. डाव ८०. प्रत्येकाला १५ मिनिटं, त्यामुळे एक फेरी जोड्यांसकट चाळीस मिनिटांत आटोपते. एकला सुरू करून साडेचारला आम्ही मोकळे!

माझी धाकटी पहिल्या दोन्ही फेऱ्या हरली. रडवेली झाली, पण तिसऱ्या फेरीला तिच्यासमोर तिच्यासारखीच दोनदा हरलेली मुलगी होती. तो डाव ती जिंकली. शेवटी २ गुण झाले. बक्षीस नाही, पण पाच डाव खेळून आली.

मोठ्यांचंही असंच असतं. २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिम्पियाडमध्ये ११ फेऱ्यांची स्विस लीग होती. नागपूरची दिव्या देशमुख असलेला आपला महिला संघ आठव्या फेरीत पोलंडकडून हरला, नवव्यात अमेरिकेशी बरोबरी झाली आणि तरीही सुवर्णपदक घेऊन आला! याच दिव्याने २०२५ मध्ये बातुमीचा विश्वचषक जिंकला, तो मात्र बाद पद्धतीचा.

म्हणजे दोन्हींना आपापली जागा आहे. खेळाडू सहा-आठच असतील तर साखळी घ्या, तीच सगळ्यात न्याय्य. शेवटी दोघांतून एकच विजेता थेट ठरवायचा असेल तर बाद पद्धत. मुलं भरपूर, वेळ थोडा आणि सगळ्यांनी खेळायला हवं असेल तर स्विस. तिच्यातही उणीव आहे. पहिला नंबर बऱ्यापैकी बरोबर लागतो, पण मधले क्रमांक फारसे मनावर घेऊ नका. गुण सारखे झाले तर प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची बेरीज बघतात, तिला बुकोल्झ म्हणतात. ज्याचे प्रतिस्पर्धी तगडे, तो वर.

म्हणून मुलांना एवढंच सांगा, मधूनच उठून जायचं नाही. आपण मिळवलेला गुण आपल्याला हरवणाऱ्याच्याही कामी येतो.