दाराआडची बॅग

मे संपत आला की कणकवलीच्या आठवडा बाजारात आगोटीची घाई दिसते. सुके बांगडे, सोडे, गोलमा, कांद्याच्या माळा, मापून घेतलेली ताडपत्री. घरी पडवीत लाकडं रचून झालेली असतात, आमसुलं बरणीत गेलेली असतात, आगळाच्या बाटल्या मांडणीवर लागलेल्या असतात. चार महिने पाऊस कोसळत असताना घराबाहेर पडायची वेळ येऊ नये, म्हणून ही सगळी बेगमी. कोकणाने ती पिढ्यान्‌पिढ्या निभावली आहे. मात्र तिच्यात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते: घर जागेवर राहील आणि माणूस घरात राहील. घर सोडायची तयारी कुणी करत नाही. एखाद्याने दाराआड सॅक भरून ठेवली, तर शेजारचे आजोबा हसून विचारणारच, "घर सोडून खंय जातलंस रे?"

मे २०२१मध्ये या प्रश्नाला उत्तर मिळालं. १६ तारखेला तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकलं. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यालगतच्या अनेकांना शाळांत किंवा नातेवाइकांकडे हलावं लागलं. आंबे-काजूची झाडं, विजेचे खांब, घरांवरचे पत्रे आडवे झाले आणि कित्येक गावांत वीज दिवसच्या दिवस आली नाही. त्यात कोरोनाची दुसरी लाट. वीज नाही म्हणून फोन बंद आणि फोन बंद म्हणून मुंबईतल्या मुलाला खुशाली कळवायची सोय नाही. तरी या वादळाने दोन-तीन दिवसांची आगाऊ सूचना दिली होती, हे विसरता कामा नये.

सगळी संकटं एवढी सभ्य नसतात. तौक्तेनंतर दोन महिन्यांनी, २२ जुलैला, चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी पहाटे बाजारपेठेत शिरलं आणि त्याच दिवशी महाडजवळच्या तळिये गावावर डोंगर खाली आला. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नसल्यामुळे बचाव पथकांना भर पावसात डोंगर चढून जावं लागलं. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ता असतानाच शोध थांबवावा लागला. अशा रात्री कपाटावरची भरगच्च बॅग काहीच कामाची नसते. तिथे उपयोगी पडतो तो उशाशी ठेवलेला टॉर्च, दाराशी ठेवलेली बंद चप्पल, आणि त्याहून जास्त म्हणजे संध्याकाळीच डोंगराची माती सरकताना, झाडं कलताना, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होताना पाहून वाडी रिकामी करण्याचा निर्णय. बॅगेचा बाजार मांडणारे हा फरक सांगत नाहीत. सूचना देऊन येणाऱ्या संकटासाठी बॅग असते, बिनसूचनेच्या संकटात अंगावर आणि हाताशी जे असेल तेवढंच.

बॅग भरायला बसलेला माणूस पहिली चूक पाण्यात करतो. परदेशी याद्या सांगतात, ७२ तासांचं पाणी जवळ ठेवा. हिशेब सोपा आहे: पिण्यापुरतं म्हटलं तरी माणशी दिवसाला ३ लिटर, तीन दिवसांचे ९ लिटर, म्हणजे ९ किलो. चार माणसांच्या घराचे ३६ किलो झाले. आजी, नात आणि ३६ किलो पाणी घेऊन गुडघाभर चिखलातून कोण चालणार? शिवाय या याद्या पाण्याचा तोटा गृहीत धरतात. कणकवलीत जुलैमध्ये पाण्याला तोटा नसतो. गडनदी आणि जानवली दुथडी भरलेल्या असतात, तिकडे खारेपाटणच्या बाजारात शुकनदी वरचेवर येऊन जाते. तोटा असतो तो स्वच्छ पाण्याचा, कारण पुराचं पाणी विहिरींत उतरलेलं असतं.

म्हणून पिण्यासाठी माणशी एक बाटली भरून घ्यावी आणि बाकी भर शुद्धीकरणाच्या सामानावर द्यावा: तुरटीचा खडा, जुन्या सुती लुगड्याचा तुकडा, मेडिक्लोरची छोटी बाटली. यात क्रम महत्त्वाचा. गढूळ पाण्यात थेट क्लोरीन टाकलं तर ते मातीवरच खर्ची पडतं आणि जंतू शाबूत राहतात. आधी तुरटी फिरवून गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी चौपदरी कापडातून गाळायचं, मग बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात मेडिक्लोर घालून अर्धा तास थांबायचं. त्याला वास येतो. लहान मुलं तोंड वाकडं करतात. करू द्यावं.

खाण्याच्या बाबतीत इथल्या माणसाला ऑनलाइन काहीच मागवायला नको. जत्रेतलं मालवणी खाजं घ्या. बेसनाच्या तळलेल्या कांड्या, त्यांवर आलं घातलेल्या गुळाचा पाक: चूल लागत नाही, पाणी लागत नाही, मूठभर खाल्लं तरी जीव तरतो. सोबत भाजलेले शेंगदाणे, खजूर, फुटाणे. पोहे बरे, पण पावसाळी हवेत उघडं पाकीट दोन दिवसांत नरम पडतं, म्हणून एकेका वेळेपुरत्या छोट्या पुड्या बांधाव्यात. ओआरएसची पाकिटं मात्र विसरायची नाहीत. १९७१मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ असताना डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-साखरेच्या या पाण्याने हजारो जीव वाचवले. मोठं पाकीट असलं तर ते पूर्ण १ लिटर पाण्यात घालायचं, अर्धं आज अर्धं उद्या असं नाही. आगळाचं सरबत कितीही गोड लागलं, तरी जुलाबावर ते ओआरएसची जागा घेऊ शकत नाही.

सॅकवर रेनकव्हर चढवलं की सामान सुरक्षित, हाही असाच एक गोड गैरसमज. रेनकव्हर पाठीकडची बाजू झाकत नाही. मानेवरून ओघळलेलं पाणी पाठीला लागून आत झिरपतं आणि दोन तासांत तळाशी डबकं होतं. सह्याद्रीत पावसाळी ट्रेक करणारे म्हणूनच सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालतात. सामान त्या पिशवीत, तिचं तोंड पीळ देऊन, दुमडून, रबर लावून बंद. कपडे, औषधं, कागद यांना आत आणखी वेगवेगळ्या पिशव्या. भरून झाल्यावर सॅक दहा मिनिटं न्हाणीतल्या पाण्याच्या टपात बुडवून बघावी. घरचे हसतील, पण कुठली पिशवी फुटकी आहे ते तिथेच कळेल.

टॉर्च हातातला नको, डोक्याला बांधायचा हवा, कारण एका हातात काठी आणि दुसऱ्यात मुलाचं मनगट असतं. बॅगेतल्या टॉर्चमध्ये सेल घालून ठेवू नयेत. खाऱ्या दमट हवेत त्यांतून पांढरी भुकटी सुटते आणि स्प्रिंग गंजते. ते वेगळ्या पुडीत, टॉर्चलाच रबराने बांधलेले असावेत. आणि एक शिट्टी. फोंडाघाटात किंवा आंबोलीला धुकं उतरलं की टॉर्चचा प्रकाश समोर पांढरी भिंत उभी करतो, शिट्टी मात्र दरीपार जाते. डोंगरातला जुना आंतरराष्ट्रीय संकेत असा: एका मिनिटात सहा वेळा शिट्टी, मग मिनिटभर शांतता, पुन्हा सहा. ऐकणारा उत्तर देतो ते मिनिटात तीन शिट्ट्यांनी.

औषधांच्या पेटीत लोक बँडेज आणि मलमं कोंबतात आणि आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या फ्रिजवरच राहतात. रोजच्या गोळ्यांचा आठवड्याचा साठा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत आधी, बाकी सगळं नंतर. इन्सुलिन घेणाऱ्यांना मातीच्या मडक्याचा सल्ला दिला जातो. तो देशावरच्या कोरड्या उन्हात चांगला चालतो, पण किनाऱ्यावरच्या ओलसर हवेत पाणी फारसं उडत नाही आणि मडकं फारसं गार होत नाही. आपल्या इन्सुलिनला किती उष्णता किती दिवस चालते, ते डॉक्टरांना आधीच विचारून चिठ्ठीवर लिहून घेतलेलं बरं.

सर्पदंशाचे जे 'किट' विकायला असतात, त्यांच्यावर पैसे घालवू नयेत. फुरसं चावलं तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. मोडलेल्या पायाला धरतात तसा तो पाय न हलवता आधार देऊन रुग्णालय गाठायचं. भारतात मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते, ती बॅगेत ठेवायची वस्तू नाही. बॅगेत हवा तो साधा क्रेप बँडेजचा रोल. पायाच्या जखमांसाठी चिकटपट्ट्याही भरपूर घ्याव्यात, कारण उघडी जखम घेऊन साचलेल्या पाण्यात उतरणं म्हणजे लेप्टोला आमंत्रण, हे लावणी करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

कागदांचं महत्त्व पाणी ओसरल्यावर कळतं. पंचनामा आणि मदतीच्या वेळी आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, सातबारा मागितला जातो, मच्छीमाराला होडीचे कागद लागतात. मूळ कागद झिपच्या पाकिटात, फोटो फोनमध्ये आणि एक संच दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. फोन बंद पडला की बायकोचाही नंबर आठवत नाही अशी आपली पिढी, म्हणून दहा नंबर पेन्सिलने कागदावर लिहून घ्यावेत. शाई फुटते, पेन्सिल टिकते. ११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे त्यातच. पैसे दहा-वीस-पन्नासच्या नोटांत. टॉवर पडला की क्यूआर कोडचा फलक दुकानाची शोभा वाढवण्यापलीकडे काही करत नाही.

हीच सॅक रविवारी डोंगरात न्यावी. सिॲटलच्या 'द माउंटेनियर्स' या संस्थेने १९३०च्या दशकात गिर्यारोहकांसाठी दहा अत्यावश्यक वस्तूंची यादी केली, ती आजही जगभर चालते, पण सावडावच्या धबधब्यावर जाणारी पोरं फोन आणि चिप्सच्या पाकिटांपलीकडे काही नेत नाहीत. रांगण्याच्या वाटेवर किंवा दाजीपूरच्या जंगलात ती दोनदा वापरली, की खांद्याला काय टोचतं, काय उगाच घेतलं, कुठली पिशवी तळाशी गेल्यामुळे हाताला लागत नाही, ते आपोआप समजतं. सॅक हलकी होत जाते. स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जड झाली, तर ती दारातच राहणार आहे असं समजावं.

वर्षातून एकदा ती पूर्ण रिकामी करायची आणि त्याला आगोटीच्या आठवड्याइतका चांगला मुहूर्त नाही. जुनं खाजं पोरांना, मुदत संपत आलेल्या गोळ्या बदलून नव्या, गेल्या वर्षीचा मुलाचा सदरा आता त्याच्या अंगात शिरत नाही तो बाहेर. त्याच दिवशी गोठ्यातही एक फेरी मारावी. गुरं काही बॅगेत मावत नाहीत, आणि पाणी चढताना खुंट्याला बांधलेलं जनावर पोहू शकत नाही. निघताना दावी सोडायची असतात, पण सुंभाची गाठ भिजली की फुगून आवळते आणि अंधारात सुटत नाही. म्हणून गोठ्याच्या खांबाला, हात पोचेल एवढ्या उंचीवर, एक कोयती कायमची अडकवलेली असावी. नायलॉनचं दावं असेल, तर तिला धारही लावून ठेवावी.